वाचकांचे प्रश्न : नवाहो प्रदेशातील एक प्रेमकथा आणि तिचे लेखक

दोन महिन्यांपूर्वी या सदरात ऑलिव्हर ला फार्ज यांच्या ‘लाफिंग बॉय’ या, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नवाहो या मूळ रहिवासी समाजावरच्या अमेरिकन कादंबरीचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. कादंबरीचा शेवट या उत्तरांत उघड झालेला आहे, त्यामुळे ज्यांना ती आधी वाचायची असेल त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावे.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात या कादंबरीवर बराच वाद झाला. १९२९ साली प्रसिद्ध झालेली आणि १९१५च्या सुमारास घडणारी कथा ‘ऐतिहासिक’ कशी म्हणायची? आणि न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, हार्वर्डमध्ये शिकलेला गोरा तरुण नवाहो माणसांच्या घरातली प्रेमकथा कोणत्या अधिकाराने लिहितो?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी कथानक सांगतो. लाफिंग बॉय, म्हणजे हसरा मुलगा, हा नवाहो प्रदेशाच्या दुर्गम भागात वाढलेला तरुण आहे. तो घोडे पाळतो, चांदीचे दागिने घडवतो, आणि आपल्या लोकांची गाणी व विधी त्याच्या अंगवळणी पडलेले आहेत. एका नृत्यसोहळ्यात त्याची गाठ स्लिम गर्लशी पडते. तिला लहानपणीच कॅलिफोर्नियातील निवासी शाळेत नेलेले असते. तिथे तिची भाषा आणि तिची माणसे तुटतात, पुढे एका गोऱ्या माणसाकडून फसवणूक होते, आणि आता ती रेल्वेच्या एका गावाजवळ एकटी राहत असते. मामाचा विरोध डावलून लाफिंग बॉय तिच्याशी लग्न करतो. आपण एका मिशनरी कुटुंबात काम करतो असे ती नवऱ्याला सांगते. प्रत्यक्षात ती एका गोऱ्या पशुपालकाकडून पैसे घेत असते, आणि तो पैसा साठवून एक दिवस नवऱ्याबरोबर उत्तरेला, आपल्या लोकांमध्ये, मानाने परतायचे हा तिचा निश्चय असतो. नवऱ्याला सत्य कळते तेव्हा त्याचे बाण त्या दोघांनाही जखमी करतात. त्यानंतर ती काहीही न लपवता सारे सांगते, दोघे पुन्हा एक होतात आणि उत्तरेच्या वाटेला लागतात. त्या वाटेवर जुन्या प्रतिस्पर्ध्याची गोळी लागून ती मरते. लाफिंग बॉय तिला दागिन्यांसह पुरतो, रीतीप्रमाणे चार दिवस एकटा बसतो आणि मग आपल्या लोकांकडे परत जातो.

आता काळाविषयी. नवाहो स्वतःला ‘दिने’, म्हणजे माणसे, असे म्हणवतात. १८६३-६४च्या हिवाळ्यात अमेरिकन सेनाधिकारी किट कार्सनच्या सैन्याने त्यांची शेते जाळली आणि कळप मारले. पुढे कॅन्यन डी शे या त्यांच्या दरीतली पीचची झाडेही तोडली गेली. आठ हजारांहून अधिक लोकांना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतील पेकोस नदीकाठच्या बॉस्के रेडोंडो येथे नेऊन कोंडण्यात आले. तिथले पाणी खारट होते, मक्याला कीड लागत होती, सरपणासाठी मैलोन्‌मैल भटकावे लागत होते. १ जून १८६८ रोजी झालेल्या तहानंतर त्यांना आपल्या भूमीत परतता आले. मूळच्या अमेरिकन लोकांच्या इतिहासात असे क्वचितच घडले आहे. तेव्हा १९१५ साली पन्नाशी-साठीत असलेली माणसे म्हणजे त्या छावणीत जन्मलेली किंवा आईच्या पाठीवरून तिथे गेलेली मुले होत. त्या आघातातून सावरून मेंढरे, लोकर आणि चांदी यांच्या बळावर हा समाज पुन्हा उभा राहिला होता, मोटारीचे रस्ते अजून सर्वत्र पोहोचले नव्हते, आणि इंग्रजीचा एक शब्दही न शिकता एखादा मुलगा तरुण होऊ शकत होता. ला फार्ज यांनी नेमका हा क्षण निवडला. कादंबरी लिहिली जात असताना तो काळ हातातून निसटत होता आणि लेखकाला त्याची जाणीव होती, म्हणून मी तिला ऐतिहासिक म्हणतो. वर्षांचे अंतर थोडे असले तरी दोन जगांमधले अंतर मोठे आहे.

अधिकाराचा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि त्यासाठी लेखकाचे आयुष्य पाहावे लागते. ला फार्ज यांचा जन्म १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये एका नामांकित घराण्यात झाला. आजोबा जॉन ला फार्ज हे प्रसिद्ध चित्रकार, वडील वास्तुशिल्पी, आणि ज्यांच्यावरून नाव ठेवले ते ऑलिव्हर हॅझर्ड पेरी हे नौदलातले विख्यात पूर्वज. ग्रोटन ही श्रीमंतांच्या मुलांची निवासी शाळा, त्यानंतर हार्वर्ड, असा ठरलेला मार्ग होता. हार्वर्डमध्ये ते मानववंशशास्त्राकडे वळले आणि १९२१ साली पुरातत्त्वीय उत्खननासाठी पहिल्यांदा ॲरिझोनात आले. १९२२ आणि १९२४ साली ते पुन्हा आले, घोड्यावरून नवाहो प्रदेश फिरले, तिथली भाषा कामापुरती शिकले. नवाहोंनी त्यांना दिलेल्या नावाचा अर्थ ‘कड्यातल्या घरांत राहणाऱ्यांपैकी उंच माणूस’ असा होतो. जुन्या, ओस पडलेल्या कड्यातल्या वसाहती उकरणाऱ्या सहा फुटी तरुणाला ते नाव शोभणारे होते.

१९२५ साली ते न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात काम करू लागले आणि फ्रान्स ब्लोम यांच्याबरोबर मेक्सिको व ग्वाटेमालाच्या मोहिमेवर गेले. मेक्सिकोतील ला व्हेंटा या प्राचीन स्थळावरील प्रचंड पाषाणशिल्पांचे त्यांनी केलेले वर्णन पुढच्या संशोधनाला वाट दाखवणारे ठरले. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वस्तीत विल्यम फॉकनर आणि इतर तरुण लेखक-चित्रकारांचा सहवास होता. तिथेच कथालेखन सुरू झाले आणि नवाहो प्रदेशापासून दोन हजार किलोमीटर दूर, दमट हवेच्या नदीकाठच्या गावात, त्या कोरड्या लाल भूमीची ही कादंबरी लिहिली गेली. १९३० साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी हेमिंग्वे यांची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ही पारितोषिकास पात्र होती, हे लक्षात घेतले म्हणजे अठ्ठावीस वर्षांच्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीला मिळालेल्या या मानाचे वजन कळते.

तेव्हा त्यांचा अधिकार किती? माझे मत असे आहे की जिथे ते डोळ्यांनी पाहिलेले लिहितात, म्हणजे घोड्याची चाल, धुळीचा रंग, लग्नाचा विधी, पाहुण्याशी बोलण्याआधी पाळायचे मौन, तिथे तो पुरेसा आहे. जिथे ते माणसाच्या मनात शिरून तो असाच विचार करतो असे ठामपणे सांगतात, तिथे तो अपुरा पडतो. या दुसऱ्या मुद्द्याकडे शेवटच्या उत्तरात पुन्हा येईन.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या माग चालला. या कादंबरीत नवरा चांदीकाम करतो आणि बायको विणते, असे आपण लिहिले होते. हे वर्णन कारागिराच्या नजरेतून खरे वाटते का, की केवळ शोभेपुरते आहे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण माझ्या मते या कादंबरीचा गाभा इथेच आहे, आणि समीक्षक मात्र प्रेमकथेच्या दुःखान्ताविषयीच अधिक लिहितात.

त्या काळातील नवाहो समाजात विणकाम मुख्यतः स्त्रियांचे आणि चांदीकाम पुरुषांचे होते. माग उभा असतो. वरच्या आणि खालच्या आडव्या दांड्यांमध्ये ताणा, म्हणजे उभे सूत, ताणलेला असतो, विणणारी जमिनीवर बसते आणि बाणा, म्हणजे आडवे सूत, खालून वर चढत जातो. आपल्याकडच्या खड्डामागावर फणी बांधलेली असते. इथे लाकडी पट्टीने ताण्याचे सूत उघडायचे आणि हातातल्या लाकडी फणीने बाणा ठोकून बसवायचा. कागदावर नक्षी काढलेली नसते, ती विणणारीच्या डोक्यात असते. ही कला दिने लोकांना कोळीण-मातेने, म्हणजे जाळे विणणाऱ्या देवतेने दिली असे ते मानतात. कॅन्यन डी शेमध्ये तिच्या नावाचा सुमारे २४० मीटर उंचीचा सुळका आजही उभा आहे. इतिहासकारांच्या मते हे विणकाम त्यांनी शेजारच्या पुएब्लो लोकांकडून घेतले, आणि स्पॅनिश लोकांनी आणलेल्या लांब लोकरीच्या चुरो मेंढ्यांनी त्याला बहर आणला. काही विणणाऱ्या स्त्रिया कापडाच्या काठातून बाहेर जाणारी एक बारीक रेघ मुद्दाम सोडतात. सगळे मन या कापडात अडकून राहू नये, पुढच्या कापडासाठी वाट मोकळी राहावी, हा त्यामागचा भाव आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना तो समजावून सांगावा लागणार नाही.

चांदीकाम त्या मानाने नवे. आत्सिदी सानी, म्हणजे ‘म्हातारा लोहार’, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेक्सिकन कारागिराकडून धातुकाम शिकून ते आपल्या लोकांत रुजवले असे मानतात. आरंभी अमेरिकन आणि मेक्सिकन नाणी वितळवून दागिने होत असत. पट्ट्यावरच्या गोल चकत्या, मनगटावर बांधायचा, धनुष्याच्या दोरीपासून रक्षण करणारा पट्टा, कळ्यांची माळ, आणि त्यांत बसवलेला पिरोजा. हे दागिने अंगावरची संपत्ती होते, आणि अडीअडचणीला ते व्यापाऱ्याच्या दुकानात गहाण पडत. सणाच्या वेळी काही व्यापारी गहाणातला दागिना तेवढ्यापुरता परत घालायलाही देत असत.

आता कादंबरीकडे येऊ. स्लिम गर्लला विणता येत नाही. ज्या वयात आईच्या शेजारी बसून हात बसतो ते वय तिचे शाळेत गेलेले असते. लग्नानंतर ती हट्टाने मागावर बसते. आरंभीचे कापड फसते, सूत ओबडधोबड येते, कडा सरळ राहत नाहीत. नवरा तिला हसत नाही, कारण चांदीवर हात बसायला किती काळ लागतो हे तो जाणून असतो. हळूहळू तिचा हात सुधारतो, आणि तिच्या परतीचे खरे मोजमाप तिने साठवलेल्या पैशात नसून मागावरच्या कापडात आहे, हे वाचकाच्या ध्यानात येते. दुसरीकडे त्याने घडवलेले दागिने ती गावात गोऱ्या गिऱ्हाइकांना चांगल्या किमतीला विकते, कारण त्यांची भाषा आणि हौस तिला ठाऊक असते. म्हणजे एकाच घरात दोन व्यवहार चालतात: एक हात जुने शिकत असतो आणि दुसरा नव्या बाजाराशी बोलत असतो. प्रेमाविषयी लिहिताना ला फार्ज यांची भाषा कधीकधी अलंकारिक होते. माग आणि ऐरण यांच्याजवळ ते अशी भाषा टाळतात आणि बारकाईने पाहतात. हे वर्णन कारागिराने लिहिलेले नाही हे जाणवते, तरीही ते कारागिराजवळ बराच वेळ गप्प बसलेल्या माणसाचे आहे.

प्रश्न : मी आदिवासी मुलींच्या आश्रमशाळेत शिकवते. स्लिम गर्लची शाळा कादंबरीत फार काळी रंगवली आहे, असे माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. हे लेखकाचे अतिरंजन आहे का?
— एक शिक्षिका, जव्हार

उत्तर : नाही. त्या शाळांविषयी कादंबरी जे सांगते ते वस्तुस्थितीच्या मानाने सौम्यच आहे.

ज्या १८६८च्या तहाने नवाहो आपल्या भूमीत परतले, त्याच तहात सहा ते सोळा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवण्याचे कलम होते, आणि दर तीस मुलांमागे एक शाळा व एक शिक्षक देण्याचे सरकारने कबूल केले होते. गावाजवळ शाळा देण्याचे हे वचन पाळले गेले नाही. मुलांना सक्तीने दूर नेण्याचा मार्ग मात्र वापरला गेला. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली शाळा पुढच्या शाळांचा नमुना ठरली. माणूस वाचवण्यासाठी त्याच्यातला ‘इंडियन’, म्हणजे मूळचा अमेरिकन, मारला पाहिजे, हे त्यांचे उघड धोरण होते. पोहोचल्याबरोबर केस कापले जात, गणवेश आणि नवे नाव दिले जाई, आपली भाषा बोलल्यास शिक्षा होई, आणि अर्धा दिवस शाळेच्या धुलाईघरात, स्वयंपाकघरात किंवा शेतात राबावे लागे. १९२८ साली, म्हणजे ही कादंबरी निघण्याच्या आदल्या वर्षी, सरकारच्या सांगण्यावरून तयार झालेला मेरियम अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने या शाळांतले अपुरे अन्न, दाटीवाटीची वसतिगृहे आणि मुलांकडून करून घेतले जाणारे कष्ट यांवर कठोर ठपका ठेवला.

नवाहो समाजाच्या संदर्भात हा आघात किती खोल होता हे समजण्यासाठी त्यांची नातेव्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. तिथे कुळ आईचे चालते. मूल आईच्या कुळात जन्मते आणि वडिलांच्या कुळासाठी जन्मते असे ते म्हणतात. दोन अनोळखी माणसे भेटली तर आधी कुळे सांगतात आणि मग एकमेकांना कोणत्या नात्याने हाक मारायची हे ठरते. सगोत्र विवाह जसा आपल्याकडे निषिद्ध मानला गेला, तसा तिथे एका कुळातला विवाह निषिद्ध आहे. मेंढरे आणि घर स्त्रीच्या बाजूने चालते, आणि मामाचा शब्द वजनदार असतो. आईच्या घरातून उचललेल्या मुलीला म्हणूनच नुसता परिसर परका होत नाही. तिचे नाते सांगण्याचे व्याकरणच हरवते. स्लिम गर्लला लाफिंग बॉयचा मामा नाकारतो तेव्हा तिच्या चारित्र्याच्या शंकेइतकाच हा तुटलेपणाही त्याच्या मनात असतो.

एक गोष्ट मला सतत जाणवते. ला फार्ज स्वतः निवासी शाळेत वाढले होते आणि तिथे त्यांचे मन रमले नव्हते. अर्थात त्यांची शाळा त्यांना सत्तेच्या जागांसाठी तयार करत होती, आणि स्लिम गर्लची शाळा तिला मोलकरणीच्या कामासाठी. हे अंतर कुठल्याही सहानुभूतीने मिटत नाही. तरीही मुलाला घरापासून तोडून साच्यात घालणे म्हणजे काय, हे त्यांना आतून कळत होते असे मी समजतो. १९३७ साली त्यांनी ‘द एनिमी गॉड्स’ ही दुसरी नवाहो कादंबरी लिहिली. तिचा नायक मायरन बिगे अशाच शाळेत ख्रिस्ती होऊन वाढतो आणि मोठ्या झगड्यानंतर आपल्या लोकांकडे वळतो. शाळेचे तपशील आपल्याला हवे असतील तर त्या कादंबरीत ते अधिक मिळतील. वाचनीयतेत मात्र ती पहिलीच्या मागे आहे.

इथे माझा एक आक्षेपही नोंदवतो. स्लिम गर्ल परतीच्या वाटेवर मरते, आणि तेही कथेच्या आतल्या तर्काने नव्हे, अचानक आलेल्या एका गोळीने. शाळेतून परत येऊन आपल्या समाजात उभी राहिलेली स्त्री लेखकाला कल्पिता आली नाही. वास्तवात अशा स्त्रिया होत्या. ॲनी डॉज वॉनेका निवासी शाळेत शिकल्या, १९५१ साली नवाहो परिषदेवर निवडून आल्या, क्षयरोगाविरुद्ध होगनाहोगनात, म्हणजे पूर्वेला दार असलेल्या त्या गोल घरांत, जाऊन त्यांनी लोकांना आधुनिक उपचार त्यांच्याच भाषेत समजावले, आणि १९६३ साली त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. आपल्या विद्यार्थिनींना कादंबरीची गोष्ट सांगाल तेव्हा ही हकीकतही जरूर सांगावी, अशी माझी विनंती आहे. १९६६ साली रफ रॉक येथे नवाहो पालकांनीच चालवलेली शाळा सुरू झाली आणि १९६८ साली त्यांचे स्वतःचे महाविद्यालय उभे राहिले, हेही आपल्या सहकाऱ्यांना उपयोगी वाटेल.

प्रश्न : या कादंबरीवर चित्रपट निघाला होता का? तसेच मराठीत तिच्याशी तुलना करता येईल असे काही आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : १९३४ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीने चित्रपट काढला. रामोन नोव्हारो आणि लुपे व्हेलेझ हे मेक्सिकोत जन्मलेले दोन कलावंत प्रमुख भूमिकांत होते, म्हणजे नायक-नायिकांच्या जागी नवाहो कोणीच नव्हते. त्यासाठी वेळ काढावा असे मी सुचवणार नाही.

मराठीत गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ लगेच आठवते. ठाकर समाजातली ही प्रेमकथाही त्या समाजाबाहेरच्या, पण डोंगर पायाखाली घातलेल्या लेखकाने लिहिली, आणि तिथेही नायिका अकाली जाते. फरक भाषेचा आहे. दांडेकर ठाकरांची बोली कानाने टिपून तिच्याच लयीत निवेदन करू शकले, कारण ती मराठीचीच बोली होती. ला फार्ज यांना नवाहो संवाद इंग्रजीत घडवावे लागले, आणि त्यामुळे त्यांची पात्रे कधीकधी स्तोत्र म्हटल्यासारखी बोलतात.

प्रश्न : आम्ही गेली बारा वर्षे फिनिक्सला राहतो आणि मुलांसह नवाहो प्रदेशात अनेकदा जातो. तिथल्या एका वाटाड्याला या कादंबरीविषयी विचारले तर तो नुसता हसला आणि विषय बदलला. नवाहो लोकांचे या पुस्तकाविषयी काय मत आहे? आणि लेखकाने पुढे त्यांच्यासाठी काही केले का?
— एक वाचक, फिनिक्स, ॲरिझोना

उत्तर : एका समाजाचे एक मत नसते. तरी एक साक्ष महत्त्वाची आहे. लगुना पुएब्लोच्या लेखिका लेस्ली मार्मन सिल्को यांनी १९७०च्या दशकात लिहिलेल्या एका निबंधात नवाहो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी या कादंबरीविषयी दिलेला निवाडा सांगितला आहे. गोष्ट म्हणून ती त्यांना रंजक वाटली, परंतु नवाहो माणसाच्या भावना आणि वागणे यांचे दर्शन म्हणून ती फसली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा निवाडा मी मान्य करतो. पहिल्या उत्तरात ज्या अपुरेपणाचा उल्लेख केला तो हाच. मृतांविषयी बोलणे नवाहो टाळतात, ज्या होगनात मृत्यू झाला ते सोडून देतात. अशा समाजातली माणसे आपले दुःख एवढे विस्ताराने शब्दांत मांडतील का, असा प्रश्न वाचताना मलाही पडला होता. आपल्या वाटाड्याच्या हसण्यात नेमके काय होते हे मी सांगू शकत नाही, पण विषय बदलण्याचा त्याला हक्क होता.

ला फार्ज यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले तर पारितोषिकाच्या यशावर बसून राहिलेला लेखक दिसत नाही. १९३० नंतर ते इंडियनांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेत आले, तिचे अध्यक्ष झाले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी सेवेचा खंड सोडला तर अखेरपर्यंत ते काम करत राहिले. १९३६ साली सरकारच्या वतीने त्यांनी नवाहोंच्या शेजारच्या होपी जमातीची राज्यघटना तयार करण्यास मदत केली. हे काम मात्र निर्दोष नव्हते. विरोध असणारे होपी मतदानाला न जाऊनच आपला नकार दाखवतात हे त्यांना माहीत होते, तरीही झालेल्या मतांवर घटना मंजूर धरली गेली, आणि त्या निर्णयाचे कटू पडसाद होपी खेड्यांत अनेक दशके उमटत राहिले. भले करू पाहणाऱ्या बाहेरच्या माणसाची मर्यादा मला कादंबरीपेक्षा इथे अधिक स्पष्ट दिसते. १९५३ साली अमेरिकन संसदेने जमातींशी असलेले खास नाते संपवून टाकण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा त्याविरुद्ध लढणाऱ्यांत ते आघाडीवर होते. न्यू मेक्सिकोतील ताओस पुएब्लो या जमातीचे पवित्र निळे सरोवर त्यांना परत मिळावे यासाठीही त्यांनी चिकाटीने प्रयत्न केले. २ ऑगस्ट १९६३ रोजी त्यांचे निधन झाले आणि सरोवरासह सुमारे ४८,००० एकर भूमी ताओसला डिसेंबर १९७०मध्ये परत मिळाली.

घरगुती आयुष्यात चढउतार होते. पहिले लग्न १९२९चे, म्हणजे कादंबरीच्याच वर्षीचे. ते १९३७ साली मोडले. १९३९ साली त्यांनी न्यू मेक्सिकोतील जुन्या स्पॅनिश घराण्यातल्या कॉन्सुएलो बाका यांच्याशी विवाह केला आणि सांता फे हेच त्यांचे गाव झाले. पत्नीच्या माहेरच्या रोसियादा खोऱ्यावरचे त्यांचे कथांचे पुस्तक १९५६चे आहे. पहिल्या लग्नाचा मुलगा पीटर ला फार्ज लोकगायक झाला. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा या जपानी बेटावर झेंडा रोवणाऱ्या आणि पुढे उपेक्षेत मेलेल्या पिमा जमातीच्या सैनिकावरचे त्याचे ‘द बॅलड ऑफ आयरा हेज’ हे गाणे प्रसिद्ध गायक जॉनी कॅश यांनी १९६४ साली गायले. आयुष्याच्या अखेरीस पहिल्या कादंबरीला लिहिलेल्या नव्या प्रस्तावनेत ला फार्ज यांनी म्हटले की तरुणपणी पाहिलेले सुखी नवाहो आता राहिले नाहीत. या विधानाविषयी मला थोडी शंका आहे. १९३०च्या दशकात सरकारने जमिनीची धूप रोखण्याच्या नावाखाली नवाहोंची मेंढरे आणि शेळ्या मारल्या, त्याने समाजाची कंबर मोडली हे खरे. परंतु तेव्हाचे सुखही पूर्णपणे त्यांचे होते, की काही अंशी पाहणाऱ्या वीस वर्षांच्या डोळ्यांचे होते, हे ठरवणे अवघड आहे.

पुढच्या खेपेला गनाडो येथील हबेल यांच्या जुन्या दुकानात मुलांना अवश्य न्यावे. ते एकोणिसाव्या शतकात सुरू झाले, आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, आणि तिथे अजूनही लोकरी कापडांची खरेदी-विक्री चालते. स्लिम गर्ल ज्या व्यवहारात मुरली होती तो कसा चालत असे, हे तिथल्या फळ्या, काउंटर आणि आढ्याला टांगलेली खोगिरे पाहून मुलांना कळेल. त्यानंतर त्यांना लुसी तापाहोन्सो यांच्या कविता वाचायला द्याव्यात. त्या २०१३ साली नवाहो राष्ट्राच्या पहिल्या राजकवयित्री झाल्या, इंग्रजी आणि नवाहो दोन्ही भाषांत लिहितात, आणि शिपरॉकजवळच्या ज्या घरात त्या वाढल्या तिथला सकाळचा कॉफीचा वास, मावश्यांचे बोलणे आणि घराबाहेरची वाट त्यांच्या ओळींत आहे.